एक मे आणि हिंगोली जिल्हा

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० ची. दिनविशेषांच्या पुस्तकांत या दोन्ही नोंदी एकाखाली एक छापल्या जातात आणि त्यांच्याच रांगेत १८८६ मध्ये आठ तासांच्या कामासाठी शिकागोत सुरू झालेला संप आणि १८९७ मधली रामकृष्ण मिशनची स्थापनाही येते. दिवस एक असला तरी या घटनांचे परस्परांशी नाते सारखे नाही. रामकृष्ण मिशन आणि हिंगोली यांची गाठ केवळ योगायोगाने पडली. हिंगोली आणि महाराष्ट्र यांची गाठ मात्र शासनाने घातली आहे, आणि कोशाने हा फरक नोंदवायलाच हवा.

याचा पुरावा शासनाच्याच निर्णयांत आहे. राज्यातील जिल्हा परिषदांचा कारभार १ मे १९६२ रोजी सुरू झाला, तेव्हा मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते. औरंगाबादमधून जालना आणि रत्नागिरीतून सिंधुदुर्ग हे जिल्हे १ मे १९८१ रोजी वेगळे झाले, ते मुख्यमंत्री अंतुले यांच्या काळात. हिंगोलीच्याच दिवशी भंडाऱ्यातून गोंदिया निघाला; त्या वेळी नारायण राणे मुख्यमंत्री होते आणि सत्ता शिवसेना-भाजप युतीची होती. एकमेकांचे विरोधक असलेल्या पक्षांची सरकारे तीन वेगवेगळ्या दशकांत याच दिवशी येऊन थांबतात, याला योगायोग म्हणणे अवघड आहे. जिल्हा हा पूर किंवा भूकंपासारखा अवचित येत नाही. त्याचा दिवस अधिसूचनेत आधीच लिहिलेला असतो.

यावर पहिला आक्षेप सोयीचा आहे. महिन्याची पहिली तारीख कोषागाराला, पगारपत्रकांना आणि हिशेबांना बरी पडते, त्यात प्रतीक कशाला शोधायचे? पण सोयच पाहायची तर आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि महसुली वर्ष १ ऑगस्टला. पालघर जिल्हा २०१४ मध्ये १ ऑगस्टलाच झाला, म्हणजे तो मार्गही मोकळा होता. मे महिन्याच्या पहिल्या तारखेला असा कोणताही हिशेबी आधार नाही. तिचे वजन आहे ते राज्याच्या वाढदिवसाचे. दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे: वाशीम आणि नंदुरबार १ जुलै १९९८ ला झाले, लातूर १६ ऑगस्ट १९८२ ला, गडचिरोली त्याच महिन्याच्या २६ तारखेला, मग नियम कुठे राहिला? नियम नाहीच, आणि तसा दावाही येथे नाही. उलट दुसरे दिवस उपलब्ध होते आणि वापरलेही गेले, म्हणूनच १ मे ही निवड ठरते. दुसरा पर्यायच नसता तर तिला काही अर्थ उरला नसता.

तिसरा आक्षेप मराठवाड्याचा आहे आणि तो सर्वांत गंभीर आहे. हिंगोलीच्या लोकांच्या आयुष्यात निर्णायक ठरला तो १७ सप्टेंबर १९४८, मुंबईत ठरलेला दिवस नव्हे. हे खरे आहे. निजामाच्या राज्यातील पाच मराठी जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. आजही मराठवाड्यात १७ सप्टेंबरला शासकीय ध्वजवंदन होते, जे पुण्याला किंवा नागपूरला होत नाही. हा दिवस कोणी पंचांग पाहून ठरवला नव्हता. भारतीय फौजा १३ सप्टेंबरला हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि पाचव्या दिवशी निजामाने युद्धबंदी जाहीर केली. त्यामुळे प्रबोधनकार ठाकरे यांचा जन्मदिवसही १७ सप्टेंबरच असणे हा निखळ योगायोग होय. तरी येथेही माणसाची निवड पूर्णपणे सुटत नाही: निजामाचे सेनापती जनरल अल् इद्रूस यांनी भारतीय फौजांच्या जनरल चौधरींसमोर औपचारिक शरणागती पत्करली ती १८ तारखेला. दोन दिवसांपैकी लोकस्मृतीने आदला स्वीकारला, कारण निजामाचा शब्द त्या दिवशी फिरला होता.

याच जिल्ह्यात योजून जुळवलेल्या दिवसाचे आणखी एक ठळक उदाहरण आहे. औंढा नागनाथ तालुक्यातील लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेची पायाभरणी पंतप्रधानांनी ११ मे २०२३ रोजी दिल्लीहून केली. तो राष्ट्रीय तंत्रज्ञान दिन, म्हणजे १९९८ च्या पोखरण अणुचाचण्यांचा दिवस, आणि त्या चाचण्यांना तेव्हा बरोबर २५ वर्षे झाली होती. याउलट अमेरिकेतील दोन वेधशाळांनी गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली तो १४ सप्टेंबर २०१५ हा दिवस कोणाच्याही हातात नव्हता.

जिल्ह्यातील सर्वांत जुन्या स्मरणदिनांना मात्र ही सारी पद्धत लागू पडत नाही. परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानल्या गेलेल्या नर्सीत त्यांचा जन्म कार्तिक शुद्ध एकादशी, शके ११९२ असा सांगितला जातो. ग्रेगरियन दिनगणना १५८२ मध्ये आली, त्यामुळे दिनदर्शिकांत छापली जाणारी २६ ऑक्टोबर १२७० ही तारीख नंतर गणिताने बसवलेली आहे. तिथी दरवर्षी वेगळ्या तारखेला येते; औंढ्याच्या नागनाथाची महाशिवरात्रही तशीच. अशा घटना इंग्रजी तारखेखाली लावताना कोशाने मूळ तिथी आधी द्यावी आणि तारीख तिच्यामागून.