विहीर सर्वांची, गाळ कोणी उपसायचा? #धागा

१/ ७ एप्रिल २०१४. जगभरातील लक्षावधी संकेतस्थळांच्या कुलपाला दोन वर्षांपासून भगदाड पडले आहे, असे त्या दिवशी जाहीर झाले. दोषाचे नाव ‘हार्टब्लीड’. तो सापडला, बुजवलाही गेला. पण त्याने उपस्थित केलेला प्रश्न आजही जिवंत आहे.

२/ हे कुलूप म्हणजे ‘ओपनएसएसएल’. संगणकांमधील संभाषण गुप्त राखणारी ही आज्ञावली १९९८ पासून विकसित होत आली. ती ओपन सोर्स, म्हणजे कोणीही वाचावी, फुकट वापरावी, सुधारावी अशी. बलाढ्य कंपन्यांनी आपला व्यवहार तिच्या भरवशावर उभा केला.

३/ ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री तिच्यात ‘हार्टबीट’ ही नवी सोय दाखल झाली. जोडणी जिवंत आहे का, हे पाहण्यासाठी एक संगणक दुसऱ्याला मजकूर व त्याची लांबी कळवी. दुसरा तोच मजकूर परत पाठवी.

४/ मात्र सांगितलेली लांबी खरी आहे का, हे तपासायचे राहून गेले. चार अक्षरे पाठवून कोणी ६४ किलोबाइट मागितले, तर उरलेली जागा सर्व्हरच्या स्मृतीतील मजकुराने भरली जाई. त्यात पासवर्ड असत, क्वचित गुप्त किल्लीही.

५/ गूगलचे नील मेहता आणि फिनलंडची कोडनॉमिकॉन यांना हा दोष स्वतंत्रपणे सापडला. तो उघड झाल्यावर कॅनडाच्या करखात्यातून सुमारे ९०० नागरिकांचे सामाजिक विमा क्रमांक चोरीस गेले.

६/ मग लोकांनी विचारले, या कुलपाची राखण करतो तरी कोण? उत्तर थक्क करणारे होते. पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच, स्टीफन हेन्सन. देणग्या वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर.

७/ व्यापारी पैसा येतच नव्हता, असे नाही. कंपन्या कंत्राटे देत. पण ती मुख्यतः स्वतःला हव्या असलेल्या सोयींसाठी. जुन्या ओळी पुन्हा तपासण्यासाठी गिऱ्हाईक नव्हते. नवा रहाट बसवायला पैसे मिळत. गाळ उपसायला नाही.

८/ कायद्याने रखवालदारांना दोष देता येत नव्हता. परवान्यातच लिहिले होते: आहे तसे घ्या, हमी नाही.

९/ पुढे तीन वाटा निघाल्या. ओपनबीएसडीच्या मंडळींनी ‘लिब्रेएसएसएल’ ही वेगळी चूल मांडली. गूगलने स्वतःपुरती ‘बोरिंगएसएसएल’ काढली. आणि लिनक्स फाउंडेशनने एप्रिल २०१४ मध्येच कंपन्यांकडून सामाईक निधी उभारला: प्रत्येकी वर्षाला १ लाख डॉलर, किमान तीन वर्षे. त्यातून ओपनएसएसएलला दोन पूर्णवेळ माणसे मिळाली.

१०/ या घटनेतून एक विभागणी स्पष्ट होते. दुरुस्ती करावी ती आज्ञावलीची नस ओळखणाऱ्यांनीच. परंतु त्यांच्या वेळेचे मोल, नवी सोय न मागता, नफा कमावणाऱ्यांनी नियमित चुकवावे. संकटानंतरची वर्गणी म्हणजे देखभाल नव्हे.

११/ हा धडा सर्वत्र पोहोचला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’तील दोषाने जग पुन्हा हादरले. सुट्टी, झोप बाजूला सारून तो दुरुस्त करणारे बहुतांशी स्वयंसेवकच होते.

आपल्या मते हा खर्च कोणी उचलावा? जरूर लिहा.