पांगाऱ्याचा आंबा

आचऱ्यापासून सावंतवाडीपर्यंत कोकणात कुंपणाला पांगारा लावण्याची रीत आहे. पानगळीनंतर तो लाल फुलांनी पेटतो. पण खाण्याजोगे फळ त्याला धरत नाही. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी मात्र त्याच्याच हलक्या, मऊ लाकडातून आंबा, केळे, काजू, वांगे घडवले. लाकूड वाळवायचे, आकार कोरायचा, घासून गुळगुळीत करायचा आणि पांढऱ्या लेपावर रंग चढवायचा, असा हा क्रम.

१९७०च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात गंजिफा व लाखकाम यांना नवा आश्रय दिला. पुढे अभ्यासकांची दृष्टी गंजिफावर स्थिरावली. लाकडी फळे 'खेळणी' या सदरात गेली. त्यांवर कर्त्याचे नाव नसते.

आंब्याचा पिवळा रंग देठाशी कोठवर हिरवा ठेवायचा, हे ठरवणे म्हणजे पिकण्यातला एक क्षण निवडणे होय. कागदावर अशी निवड करणाऱ्यास आपण चित्रकार म्हणतो, लाकडावर करणाऱ्यास कारागीर. हा भेद तपासल्याविना कोकणच्या कलेचा इतिहास अपुराच राहील.