ऑक्सिडीभूत कोलेस्टेरॉलच्या ग्राहीची कुळकथा

रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकेरी थर असतो, त्याला अंतःस्तर म्हणतात; धमनीच्या भिंतीत मेद साचून ती कठीण व अरुंद होण्याचा विकार, म्हणजे रोहिणीकाठिण्य, याच थराच्या बिघाडापासून सुरू होतो. या बिघाडात मोठा वाटा असलेल्या ‘लॉक्स-१’ या ग्राहीचे, म्हणजे विशिष्ट कण ओळखून धरणाऱ्या पेशीपृष्ठावरील प्रथिनाचे, कूळ एका वैद्यकीय कोड्यात आहे.

अमेरिकेतील डॅलस येथे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७०च्या दशकात एलडीएल हा कोलेस्टेरॉलवाहक कण पेशीत घेणारा ग्राही शोधला. परंतु तो जन्मतः नसलेल्या रुग्णांच्या धमन्यांतही कोलेस्टेरॉलने फुगलेल्या महाभक्षक पेशी आढळत. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेचे संचालक झालेले संदीप बसू यांच्यासह या गटाने १९७९ मध्ये दाखवले की, रासायनिक बदल झालेला एलडीएल महाभक्षक पेशी वेगळ्याच ग्राहीने भराभर आत घेतात. शरीरात असा बदल ऑक्सिडीकरणाने घडतो, ही उपपत्ती डॅनियल स्टाइनबर्ग यांच्या गटाने १९८०च्या दशकात पुढे आणली.

अंतःस्तराच्या पेशी हा बदललेला कण कशाने धरतात, याचे उत्तर १९९७ मध्ये क्योटोहून आले. तात्सुया सावामुरा व सहकाऱ्यांनी गाईच्या महाधमनीतील अंतःस्तर-पेशींची जनुके दुसऱ्या पेशींत घातली आणि त्यांतील ज्या पेशी ऑक्सिडीभूत एलडीएल शोषू लागल्या, त्या वेचून लॉक्स-१चे जनुक वेगळे केले. हा कण ग्राहीला चिकटला की पेशीत ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू तयार होतात, धमनी सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड घटते आणि पेशीपृष्ठावर आलेल्या आसंजक प्रथिनांना श्वेतपेशी चिकटून भिंतीत शिरतात. शिवाय ऑक्सिडीभूत एलडीएलमुळे लॉक्स-१ आणखी वाढते, त्यामुळे बिघाड स्वतःलाच पोसत राहतो.

ऑक्सिडीकरण रोखण्यासाठी जीवनसत्त्व ई द्यावे, हा सोपा वाटणारा उपाय मात्र २००० साली प्रसिद्ध झालेल्या, नऊ हजारांहून अधिक व्यक्तींवरील ‘होप’ चाचणीत निष्फळ ठरला. याउलट उच्च रक्तदाबाशी निगडित अँजिओटेन्सिन-२ आणि रक्तातील वाढलेली साखर लॉक्स-१ वाढवतात, तर तंबाखूचा धूर एलडीएलच्या ऑक्सिडीकरणाला हातभार लावतो, हे ज्ञात आहे. नेहमीच्या रक्ततपासणीत लॉक्स-१ मोजले जात नाही. तरीही त्याला बळ देणारा रक्तदाब आणि साखर धडगाव-अक्कलकुव्याच्या आरोग्य केंद्रातही तपासता येतात, म्हणून नंदुरबारच्या वाचकाने तिशीनंतर ही तपासणी नियमित करावी आणि विडी-सिगारेट सोडावी.