फणसावरची नोटीस

पुण्यात डेक्कनच्या बाजूला आमचे जुने बैठे घर होते. मागच्या अंगणात विहीर आणि विहिरीशेजारी फणस. १९५१ साली आजोबांनी कोकणातून येताना पिशवीतून आठळ्या आणल्या आणि त्यांतली एक तिथे पेरली, असे घरात सांगत. पेरली आजोबांनी, पण पाणी घालायचे काम आत्याकडे होते. ती तेव्हा नऊ वर्षांची होती.

२००३ साली आम्ही ते घर पाडून तिथे इमारत बांधायला दिली. बिल्डरच्या नकाशात विहीर नव्हती आणि फणसही नव्हता. त्या जागी गाड्या लावायची सोय दाखवली होती. मालमत्ता पत्रकावर माझे नाव असल्यामुळे झाड तोडण्याच्या परवानगीचा अर्ज माझ्या सहीने गेला. कारणाच्या रकान्यात ‘बांधकामास अडथळा’ असे लिहिले होते. आठवड्याभरात महापालिकेचा माणूस आला, झाडाचा घेर मोजला आणि बुंध्यावर एक कागद चिकटवून गेला. अमुक झाड तोडण्यासाठी अर्ज आला आहे, कुणाची हरकत असल्यास मुदतीत लेखी कळवावी.

आत्याने चष्मा आणून तो कागद उभ्याने वाचला. मग मला विचारले, “अरे, ही हरकत कुणाकडे द्यायची असते?”

मी म्हणालो, “आत्या, आता त्याचा काही उपयोग नाही.”

हे खरे नव्हते. उपयोग होता. पण मला तो व्हायला नको होता. हे आज इतक्या वर्षांनी सांगतो आहे, कारण त्यानंतर मी तो कायदा वाचला. आपल्याच जागेतले, आपल्याच माणसांनी लावलेले झाड तोडायला दुसऱ्या कुणाला का विचारायचे, हा प्रश्न तेव्हा मला पडला होता आणि बहुतेक घरमालकांना तो पडतो. त्याचे उत्तर शोधायला गेलो, तर ते तीनशे वर्षे मागे घेऊन गेले.

शिवाजी महाराजांनी झाडे तोडू नयेत म्हणून काढलेले पत्र असे म्हणून एक मजकूर आपल्याकडे नेहमी सांगितला जातो. शाळांच्या भिंतींवरही तो दिसतो. तो मजकूर ‘आज्ञापत्रा’तला आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी ते १७१५च्या सुमारास, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर पस्तीस वर्षांनी, कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिले. पण अमात्यांनी महाराजांचा कारभार जवळून पाहिला होता. ते स्वतः अष्टप्रधानांपैकी होते. त्यामुळे त्यात महाराजांच्या धोरणाचे प्रतिबिंब पाहणे चुकीचे नाही.

गंमत अशी, की हा मजकूर झाडांच्या प्रकरणात नाही, तर आरमाराच्या प्रकरणात आहे. गलबते बांधायची तर लाकूड हवे. अमात्य सांगतात, की सागवान वगैरे लाकूड हुजूरची परवानगी घेऊन रानातून आणावे, कमी पडले तर परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराच्या कामाचे आहे, पण त्याला हात लावू देऊ नये. का? तर ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. एखादे झाड फारच जुने होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, त्याला पैसे देऊन, त्याचा संतोष करून तोडावे. जबरदस्ती मुळीच करू नये.

या चार-सहा ओळींत शहरांच्या आजच्या वृक्षनियमांचा सगळा सांगाडा आहे. काही जातींना संरक्षण आहे. तोडण्याआधी परवानगी आहे. जुन्या, निकामी झाडाला अपवाद आहे. भरपाई आहे. आणि मुख्य म्हणजे कारण दिले आहे: झाडाला लागलेली वर्षे. फरक एवढाच, की तिथे विचारणारे सरकार होते आणि ज्याला विचारायचे तो झाडाचा धनी होता.

इंग्रजी अमलात हिशेब बदलला. १८७९च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात असे कलम आले, की जमाबंदी झालेल्या जमिनीतल्या झाडांवरचा सरकारचा हक्क खातेदाराला दिला आहे असे मानावे. मात्र सरकारने राखून ठेवलेली झाडे वगळून. म्हणजे जमीन तुमची, त्यावरचा आंबा तुमचा. पण सरकारने एखादे झाड राखून ठेवले असेल, तर जमीन तुमची असूनही ते तुमचे नाही. इथे प्रश्न झाड कुणाचे एवढाच होता. ते किती वर्षांचे आहे, त्याच्याशी कुणाचा जीव गुंतला आहे, याला कलमात जागा नव्हती.

शहरांच्या कायद्यातली झाडे तर वेगळ्याच कारणाने येत. १८८८चा मुंबई महापालिकेचा कायदा पाहिला, तर त्यात रस्त्यावर झुकलेले, पडायला आलेले झाड छाटायला किंवा काढायला लावण्याचा अधिकार सापडतो. शहराच्या दृष्टीने झाड ही आधी अडचण होती.

स्वातंत्र्यानंतर, १९६४ साली, महाराष्ट्राने वृक्षतोडीचे नियमन करणारा कायदा केला. त्याला एक अनुसूची जोडली: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन आणि अशीच आणखी काही झाडे. ही झाडे खासगी जमिनीत असली, तरी परवानगीशिवाय तोडायची नाहीत. आंबा आणि फणस, अमात्यांनी नावे घेतलेली दोन्ही झाडे, अडीचशे वर्षांनी पुन्हा एकदा यादीत आली.

पण यादीने शहरांचा प्रश्न सुटणार नव्हता. १९६०नंतर मुंबई-पुण्यात बंगले आणि वाडे पाडून सदनिकांच्या इमारती उठू लागल्या. वाड्याच्या मागे चिंच आहे, पारिजातक आहे की गुलमोहर, याला बांधकामाच्या हिशेबात काही किंमत नव्हती. १९७५ हे साल आपल्याला आणीबाणीमुळे आठवते. त्याच वर्षी राज्याने नागरी भागांतल्या झाडांच्या जतनाचा स्वतंत्र कायदा केला. त्यात जातींची यादी नाही. शहरातले झाड, मग ते रस्त्यावरचे असो की तुमच्या अंगणातले, संरक्षित. प्रत्येक शहरात वृक्ष प्राधिकरण नेमायचे, वृक्ष अधिकारी नेमायचा, झाडांची गणना करायची. ‘तोडणे’ या शब्दात जाळणे आणि झाडाला इजा करणेही धरले आहे.

मालकाने अर्ज करायचा, झाड नकाशात दाखवायचे, कारण द्यायचे. परवानगी मिळाली, तरी त्यानंतर पंधरा दिवस कुऱ्हाड चालवायची नाही. झाड तोडल्यावर तीस दिवसांत त्याच जातीचे किंवा दुसरे योग्य झाड त्याच जागी किंवा अन्य सोयीच्या जागी लावायचे. न ऐकणाऱ्याला दंड आहे आणि पुढे कैदेचीही तरतूद झाली.

तुम्ही म्हणाल, इतका कडक कायदा असताना झाडे गेली कुठे? याच कायद्यात एक वाट होती. झाड वठलेले, रोगट किंवा धोकादायक असेल, तर परवानगी नाकारायची नाही. हे योग्यच आहे. धोकादायक झाड अंगावर पडू द्यायचे नसते. पण मग काही झाडे वेळेवर वठू लागली. मुळांशी सिमेंट ओतले, सालीला गोल काप दिला, की दोन-चार हंगामांत झाड आपण होऊन ‘वठलेले’ या सदरात जाते.

मालकांचेही म्हणणे अगदीच खोटे नाही. झाड लावले की ते कायद्याचे होते, मग लावावेच कशाला, असे म्हणणारी माणसे मला भेटली आहेत. कुंपणाशी आपोआप उगवलेला पिंपळ किंवा कडुनिंब ती बोटभर असतानाच उपटून टाकतात. अमात्यांच्या नियमात धन्याला पैसे आणि संतोष होता. आपल्या कायद्यात मोडणाऱ्याला शिक्षा आहे, पण राखणाऱ्याच्या पदरात पडेल असे फारसे काही नाही.

मला मात्र या कायद्यातली मोठी उणीव दुसरीच वाटते आणि ती आमच्याच अंगणात कळली. आम्हाला परवानगी मिळाली. एका फणसाच्या बदल्यात तीन झाडे लावायची अट होती आणि त्यासाठी अनामत रक्कम भरली होती. हरकत एकही आली नाही. पंधरा दिवस थांबलो. मग एका सकाळी करवत घेऊन माणसे आली आणि दुपारच्या जेवणापर्यंत बावन्न वर्षे खाली आली. आत्या त्या दिवशी मैत्रिणीकडे जाऊन बसली होती. इमारत झाल्यावर कुंपणाच्या भिंतीलगत आंबा, कडुनिंब आणि बकुळ लावली. तिन्ही रोपांचे फोटो काढले आणि कागद पुरा झाला. आंबा पहिल्या उन्हाळ्यात गेला. कडुनिंब गाड्यांसाठी फरशी घालताना गेला. बकुळ राहिली.

कायद्याप्रमाणे आमचे सारे चोख होते. झाडाच्या बदल्यात झाड, उलट एकाला तीन. पण बावन्न वर्षांच्या बदल्यात कुणी काही मागितले नाही. अमात्यांनी ज्या कारणासाठी आंबा-फणस राखले, ते कारणच मधल्या काळात गळून पडले होते.

ते परत यायला २०२१ साल उजाडले. त्या वर्षी राज्याने १९७५च्या कायद्यात दुरुस्ती केली. पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानायचे ठरले. आणि नियम असा केला, की झाड तोडायचेच असेल, तर त्याच्या वयाइतकी झाडे लावायची. रोपे बोटभर नकोत, सहा ते आठ फूट उंचीची हवीत आणि सात वर्षे त्यांची निगा राखायची. आमचा फणस या नियमाने वारसा वृक्ष ठरला असता आणि आम्ही बावन्न झाडांचे देणे लागलो असतो. ती लावायला पुण्यात आमच्याकडे जागा नव्हती. तसे असते, तर बिल्डरने नकाशाच वेगळा काढला असता, असे मला वाटते.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या एका तज्ज्ञ समितीचा अहवाल आला. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेवरच्या पुलांसाठी ३५६ झाडे तोडायची की नाही, हा प्रश्न होता. समितीने झाडाची किंमत काढली, ती वर्षाला ७४,५०० रुपये. झाडाचे जितके वय, तितक्या पटीने किंमत. हा कायदा नव्हे, समितीचा हिशेब आहे आणि त्यावर वाद घालता येतील. पण मी कागद घेऊन गुणाकार केला: ३८ लाख ७४ हजार. आम्ही भरलेली अनामत रक्कम त्यापुढे सांगण्यासारखी नाही.

आणि मार्च २०२५ मधला एक निकाल. मथुरा-वृंदावन भागात ४५४ झाडे परवानगीशिवाय एका रात्रीत तोडली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने झाडामागे एक लाख रुपये दंड कायम केला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे न्यायालयाने वर्षांची भाषा केली: इतके हिरवे छत्र पुन्हा उभे राहायला किमान शंभर वर्षे लागतील. ‘वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत’ हे अमात्यांचे म्हणणे तिथे वेगळ्या शब्दांत पुन्हा आले.

झाडाला जन्मदाखला नसतो. घेरावरून वयाचा अंदाज बांधायचा, तर त्यात पाच-दहा वर्षे इकडेतिकडे होणार आणि कुणाला ती आपल्या सोयीने करताही येणार. खरे वय माहीत असते ते ज्यांनी पाणी घातले त्यांना, आणि मालमत्ता पत्रकावर बहुधा त्यांचे नाव नसते. आमच्या घरात ते आत्याला माहीत होते. धन्याचा संतोष करून तोडावे, असे अमात्य म्हणतात. आमच्या फणसाचा धनी कोण होता, हे अर्ज भरताना मला कुणी विचारले नाही आणि मीही स्वतःला विचारले नाही.

परवानगीची ती नोटीस चिकटवण्याची पद्धत आजही आहे. तुमच्या गल्लीतल्या एखाद्या बुंध्यावर ती दिसेल. वर्तमानपत्रातही ती जाहीर सूचना म्हणून येते, बारीक अक्षरांत, नावात बदल केल्याच्या आणि हरवलेल्या दस्तऐवजांच्या सूचनांच्या शेजारी. हरकत कुणालाही घेता येते, त्यासाठी जागेचा मालक असावे लागत नाही. साध्या कागदावर, मुदतीच्या आत, वृक्ष अधिकाऱ्याच्या नावे लिहून द्यायची आणि पोच घ्यायची. झाडाचे वय ठाऊक असेल, तर तेही लिहायचे.

आत्याला मी हे सांगायला हवे होते. ती आता नाही. बकुळ बावीस वर्षांची झाली आहे. तिची फुले वेचायला शेजारच्या इमारतीतली एक मुलगी सकाळी येते. मी तिला झाडाचे वय सांगून ठेवले आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)