आठवण धरणारा धातू

श्रोतेहो, बाजारात मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो. आवाज खणखणीत आला तर मडके धड; बद्द आला तर चिरलेले. धातूंच्या इतिहासातले एक नवल अशाच आवाजावरून उघडकीला आले, त्याची ही हकिगत.

साल १९५९. अमेरिकेच्या नौदलाच्या शस्त्रास्त्र-प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर हे धातुशास्त्रज्ञ क्षेपणास्त्राच्या टोकासाठी उष्णता आणि आघात सोसणारा धातू शोधीत होते. निकेल व टायटेनियम यांच्या मिश्रधातूच्या कांबी त्यांनी तयार केल्या. निवलेली कांब फरशीवर पडली, ती बद्द वाजली. आत चीर आहे की काय? मग गरम कांब टाकून पाहिली, तर ती घंटेसारखी वाजली! गार पाण्यात बुडवली की बद्द, उकळत्या पाण्यात घातली की पुन्हा खणखणीत. चीर नव्हतीच, उष्णतेने आतल्या अणूंची मांडणी बदलत होती.

पुढे १९६०-६१च्या सुमारास एका बैठकीत या धातूची घड्या घातलेली पट्टी हातोहात फिरत होती. डेव्हिड मझी यांनी सहज तिला लायटरची ज्योत लावली, आणि पट्टी आपोआप सरळ झाली! सोने-कॅडमियमच्या मिश्रणात हा गुण १९५१मध्ये दिसला होता. पण सोने महाग नि कॅडमियम विषारी. नव्या धातूचे नाव पडले निटिनॉल.

आता तुम्ही विचाराल, धातूला आठवण कशी राहते? ती शिकवावी लागते. आपला लोहार विळ्याला पाणी देतो ते धार कडक व्हावी म्हणून. इथे तार हव्या त्या आकारात घट्ट बांधून सुमारे ५०० अंश सेल्सियसवर तापवतात आणि झटकन गार करतात. तोच आकार तिच्या अंगी मुरतो. मग गार असताना ती वाकवली, तरी ऊब लागताच मूळ रूपावर येते.

पण इथे प्रमाण सांभाळावे लागते. तार थंडपणी ओढून नुसती तशीच ठेवली, तर अणूंच्या रांगांत इतके अडथळे होतात की मांडणी बदलायलाच वाव राहत नाही. उलट फार तापवली, तर सगळे अडथळे निघून जातात, तार मऊ पडते, अणू कायमचे घसरतात आणि वारंवार वापरल्यावर आठवण पुसट होते. म्हणून आधी ओढकाम, मग बेताचा ताव. थोडे अडथळे राहिले तरच आठवण टिकते.

आज याच धातूची बारीक जाळीदार नळी पायाच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत आवळून नेतात. सोडताच ती अंगच्या उबेने फुलून वाट मोकळी ठेवते. शिक्षकबंधुभगिनींनो, वर्गातल्या एखाद्या मुलाने “हा आवाज वेगळा का?” असे विचारले, तर त्याला गप्प बसवू नका. ब्यूलरांचा शोध त्याच प्रश्नातून निघाला.