खेळण्यातले शिपाई

ग्वाल्हेर शहरातून मुरारकडे जाताना थाटीपुर नावाची वस्ती लागते. आज तेथे सरकारी निवासस्थाने आणि नव्या वसाहती आहेत. संस्थानी फौजेची ३४ क्रमांकाची तुकडी पूर्वी येथे राहत असे आणि त्या इंग्रजी आकड्याच्या उच्चारावरून वस्तीला हे नाव पडले, असे सांगितले जाते. लष्कर हा भाग तर उघडपणे फौजेचेच नाव धारण करतो. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी जेथे पडली, तेथेच ते शहर वाढले. १९४८ साली संस्थान मध्यभारतात सामील झाले. संस्थानी फौजा गेल्या, नावे मात्र राहिली. मोठ्यांच्या जगात फौजेची स्मृती अशी गावांच्या नावांत उरते. मुलांच्या जगात ती खेळण्यांत उरते. या खेळण्यांनाही इतिहास आहे, आणि तो वाटतो तितका बालिश नाही.

मराठी माणसाला खेळण्यातला शिपाई प्रथम भेटतो तो दिवाळीच्या किल्ल्यावर. दगड-विटा रचून त्यांवर चिखलाचे लिंपण करावे, अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवावी, माथ्यावर शिवछत्रपतींना सिंहासनावर बसवावे आणि बुरुजाबुरुजांवर भाल्याचे मावळे उभे करावेत, ही रीत महाराष्ट्रात घरोघर चालत आली आहे. बाजारातून आणलेली मातीची चित्रे एका साच्यातून निघालेली असली, तरी किल्ल्यावर जाईपर्यंत ती एकसारखी राहत नाहीत. गेल्या वर्षीच्या मावळ्याचा रंग उडालेला असतो. त्याला नवा अंगरखा चढतो. कोणाचा भाला मोडलेला असतो. तेथे खराट्याची काडी येते. शिवाय या किल्ल्यावर केवळ फौज नसते. पायथ्याशी विहीर असते, गवळण असते, भाजीवाली असते. राज्य कोणासाठी राखायचे, हे मुलाला वेगळे सांगावे लागत नाही.

युरोपात या खेळण्याचा धंदा फार पूर्वी झाला. जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहर कथलाच्या चपट्या शिपायांसाठी प्रसिद्ध होते. १८९३ साली विल्यम ब्रिटन यांच्या इंग्रज कारखान्याने आतून पोकळ असे शिशाचे शिपाई ओतण्यास आरंभ केला. धातू कमी लागल्याने ते स्वस्त झाले आणि मध्यमवर्गीय मुलांच्या हाती पडले. लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली अशा शिपायांच्या खेळाचे नियम सांगणारे एक पुस्तकच लिहिले. वेल्स युद्धखोर नव्हते. हा खेळ जो दोन-चार वेळा खेळेल, त्याला खरे युद्ध किती गोंधळाचे आणि नासाडीचे असले पाहिजे हे आपोआप कळेल, असा त्यांचा सांगावा होता. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. खेळातले शहाणपण राज्यकर्त्यांपर्यंत पोहोचले नाही.

खेळण्यातला शिपाई आणि पडद्यावरची चित्रे यांची गाठ पुढे अमेरिकेत पडली. एका सैनिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या जोडीने शिपायाची बाहुली काढावी, अशी कल्पना स्टॅन वेस्टन यांनी हॅस्ब्रो या कंपनीपुढे मांडली. कंपनीचे डॉन लेव्हिन यांना कल्पना पटली, पण मालिकेशी जखडून घेणे पटले नाही. मालिका संपली की खेळणेही संपेल, हे त्यांनी ओळखले. ती मालिका खरोखरच १९६४ साली, एका वर्षात आटोपली. खेळण्याला नाव मात्र चित्रपटाचेच मिळाले. १९४५ सालच्या एका युद्धपटाच्या नावातून ‘जी. आय. जो’ हा शब्द उचलला गेला आणि १९६४ मध्ये सुमारे फूटभर उंचीचा हा जवान दुकानांत आला. मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत, या धास्तीने कंपनीने ‘बाहुली’ हा शब्दच वर्ज्य केला.

खऱ्या युद्धाची झळ या जवानालाही लागली. व्हिएतनामचे युद्ध अमेरिकन पालकांना नकोसे होताच १९७० च्या सुमारास त्याला साहसी प्रवासी बनविण्यात आले. पुढे तेलाच्या टंचाईने प्लॅस्टिक महागले आणि तो बाजारातून गेलाच. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटाच्या पावणेचार इंची मूर्तींनी मोठी बाजारपेठ मिळविल्यावर तो १९८२ साली त्याच लहान उंचीचा होऊन परतला. २००९ मध्ये तर खेळण्यावरून चित्रपट निघाला आणि त्या चित्रपटावरून पुन्हा खेळणी निघाली.

हा जवान आपल्या देशात आला तो १९८७ साली स्थापन झालेल्या फनस्कूल कंपनीमार्फत. एम. आर. एफ. आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतील या कंपनीचा कारखाना गोव्यात होता. परदेशी साच्यांतून येथे घडलेल्या काही मूर्तींचे रंग मूळ मूर्तींहून इतके निराळे होते, की परदेशातील संग्राहक आज त्या मुद्दाम शोधतात. मूर्तीची रचनाही मोठी सोयीची. पाठीत एक स्क्रू आणि पोटात धड व पाय जोडून धरणारे रबरी कडे. स्क्रू काढला की हात, पाय, कंबर सुटी होतात. एकाचे हात दुसऱ्याला, दुसऱ्याचे पाय तिसऱ्याला, वर थोडा रंग, आणि कारखान्याने कधी न काढलेला शिपाई तयार होतो. रबर कालांतराने कुजते आणि मूर्ती दुभंगते. पण नवे कडे घालून ती पुन्हा उभी करता येते.

येथे संग्राहकांत दोन पंथ पडतात. एकाच्या मते मूर्ती वेष्टनातून बाहेर काढताच तिचे मोल गेले. दुसऱ्याच्या मते हात लागल्याशिवाय तिला मोलच नाही. बाजार पहिल्याच्या बाजूने आहे, यात शंका नाही. पण इतिहासाच्या दृष्टीने पाहता न उघडलेले वेष्टन केवळ कारखान्याची हकीकत सांगते. रंग बदललेला, हात जोडलेला शिपाई मात्र आणखी एक गोष्ट सांगतो. कोणा एका मुलाने आपल्या मनातला शूर पुरुष कसा असावा हे स्वतः ठरविले होते, ही ती गोष्ट. खराट्याच्या काडीचा भाला घेऊन उभा असलेला मावळा वेगळे काय सांगतो?

लढाईची खेळणी मुलांना द्यावीत की नाही, हा वाद जुना आहे आणि तो चालू राहील. तो करताना एवढे ध्यानात ठेवावे, की केवळ शत्रू दाखविणारे खेळणे मुलाला मारणे शिकविते. पायथ्याशी विहीर आणि गवळण असलेला किल्ला राखणे शिकवितो. विकत आणलेल्या फौजेभोवती गाव वसविणे कोणत्याही कारखान्याला जमत नाही. ते काम घरातल्या मोठ्यांनी मुलांजवळ बसून, चिखलाने हात माखूनच करावे लागते.