आपल्या शहरातील जुनी गिरिजाघरे

भगिनींनो, आपले मंडळ दरवर्षी सहलीला जाते. रामटेक झाले, अदासा झाले. पण रोज ज्यांच्यावरून आपण भाजीला जातो, ती जुनी गिरिजाघरे आत जाऊन किती जणींनी पाहिली असतील? “ते काय, साहेबांचे देऊळ!” असे म्हणून आपण पुढे जातो. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. तरी वाचून-ऐकून जे कळले ते येथे सांगते.

नागपुरात ख्रिस्ती धर्म आला तो पलटणीच्या मागून. १८१७ साली सीताबर्डीची लढाई झाली आणि १८२१ मध्ये कन्हान नदीकाठी कामठीची छावणी वसली. गोऱ्या शिपायांना प्रार्थनेला जागा हवी, म्हणून छावणीत गिरिजाघर आले. मद्रासकडच्या पलटणींबरोबर तमिळ ख्रिस्ती कुटुंबेही येथे आली. सेंट फ्रान्सिस डी सेल्सच्या पंथाचे कॅथॉलिक पाद्रीही कामठीस येऊन राहिले. पुढे १८८७ मध्ये कॅथॉलिकांचा नागपूर धर्मप्रांत झाला.

सदरच्या बाजूचे ऑल सेंट्स कॅथीड्रल १८५१ सालचे. त्या वेळी नागपूरच्या गादीवर तिसरे रघूजी भोसले होते! म्हणजे राज्य खालसा होण्याच्या तीन वर्षे आधीपासून हे देऊळ येथे उभे आहे. प्रथम ते लहानसेच होते. बॉडली नावाच्या इंग्रज शिल्पज्ञाच्या आराखड्याप्रमाणे ते पुढे वाढविले. उंच निमुळत्या कमानी, जाड दगडी भिंती आणि आतला गारवा. वैशाखातल्या उन्हातून आत गेले की वाड्याच्या माजघरात आल्यासारखे वाटते. याच ठिकाणी २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा निरनिराळ्या पंथांनी आपापले भेद बाजूस ठेवून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ ही एकच मंडळी स्थापन केली. एकत्र नांदणे किती अवघड असते, हे आपणां बायकांना कोणी सांगायला नको!

आता शहराची गोष्ट. स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये पत्नीसह नागपुरास आले. ते मराठी शिकले आणि पुढल्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. आजचे हिस्लॉप कॉलेज (१८८३) त्यांच्याच नावाचे. त्यांनी आपल्या भागातील खडकांचा अभ्यास केला, गोंडांची गीते व लिंगोची कथा लिहून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची जुनी शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या ओढ्यात ते बुडाले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून काढले, म्हणून ती गीते राहिली. त्याच मिशनने १८९६ साली सीताबर्डीवर मुरे मेमोरियल रुग्णालय काढले. परपुरुष वैद्यापुढे हात दाखविणेही ज्या काळी अवघड, त्या काळी बायाबापड्यांना हा केवढा आधार!

ही देवळे परक्यांची, असे म्हणणाऱ्यांनी पुण्याकडे पाहावे. तेथे खुद्द सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या फौजेतील ख्रिस्ती शिपायांना देवळासाठी जागा दिली. आणि आपल्या नागपुरात नारायण वामन टिळक आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने काही काळ राहत होते. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, पण त्यांनी अभंग सोडला नाही की कीर्तन सोडले नाही. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ आपणांपैकी पुष्कळ जणींनी वाचली असतील. टिळकांची पदे मराठी मंडळींच्या उपासनेत आजही म्हटली जातात. साहेब १९४७ साली गेला. देवळे राहिली, ती आपल्या शेजारणींची होऊन. नाताळात त्यांच्या घरून करंज्यांचे ताट येते, दिवाळीत आपले जाते. तेव्हा त्या परक्या कशा?

जुन्या कबरस्तानातील शिळा वाचाव्यात. विशीतल्या बाळंतिणी, दोन-दोन वर्षांची मुले. पटकीने नि तापाने गेलेली. मायदेशापासून हजारो कोस दूर एका आईने लेकराला आपल्या मातीत ठेवले, हे वाचून कोणाचे डोळे कोरडे राहतील? राज्य कोणाचे होते, हे दुःखाला ठाऊक नसते.

कौले फुटतात, जुने लाकूड वाळवी खाते, शिळांवरची अक्षरे पावसाने पुसतात. ज्यांचे देऊळ, ते आपल्या परीने जपतातच. पण शेजाऱ्यांना त्याची ओळख असली तर जपणे सोपे जाते. म्हणून मंडळास माझी सूचना आहे: यंदाच्या सहलीतला अर्धा दिवस सदरसाठी ठेवावा. आधी परवानगी घ्यावी, उपासनेची वेळ टाळावी, शांतपणे बाकावर बसावे. आपल्यातील ख्रिस्ती भगिनींनीच माहिती सांगावी. खर्च फक्त बसभाड्याचा. आणि घरी येताना मुलांना सांगायला आपल्याच गावाची गोष्ट मिळेल.